आधी नवऱ्याला तपासा: वंध्यत्वतज्ज्ञ डॉक्टरांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या वंध्यत्व उपचार केंद्रांत काम करणाऱ्या सर्व डॉक्टरांस,



हे पत्र रागातून लिहिलेलं नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. राग आहे. पण तुमच्या शास्त्राबद्दल आदरही तितकाच आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात, महापालिकेच्या एका दवाखान्यात, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून हर्षा नावाची मुलगी जन्मली, ही हकिकत मी प्रजननाचा धडा आला की वर्गात अभिमानाने सांगतो. तुम्ही त्या परंपरेचे वारस आहात. म्हणूनच तुमच्याकडे तक्रार करावीशी वाटते.

तक्रार अशी, की जोडपं तुमच्या दारात येतं आणि तुम्ही तपासता फक्त बायकोला.

आमचंच सांगतो. केंद्राचं नाव लिहीत नाही. दोष एकाच केंद्राचा असता तर जाहीर पत्र लिहायची गरज पडली नसती. माझ्या पत्नीच्या थायरॉइडपासून बीजांचा साठा दाखवणाऱ्या एएमएचपर्यंत सगळ्या रक्ततपासण्या झाल्या. बीजवाहिन्यांचा एक्स-रे झाला. भूल देऊन दुर्बिणीतून तपासणी झाली. गर्भ राहायचा, आणि दोन-अडीच महिन्यांत सोनोग्राफीत ठोके थांबलेले दिसायचे. मग रक्त गोठण्याच्या तपासण्या आल्या, गुणसूत्रांच्या आल्या, रोज पोटात टोचून घ्यायची इंजेक्शनं आली. या सगळ्या काळात माझ्या वाट्याला आली प्लास्टिकची एक डबी आणि जिन्याशेजारची एक खोली. रिपोर्टवर नजर टाकून डॉक्टर म्हणाले, "सरांचं नॉर्मल आहे, काळजी नको. मॅडम, तुम्ही आत या." मला कोणी आत बोलावलं नाही. काय काम करता, तंबाखू खाता का, मोठा ताप येऊन गेला का, कुठली औषधं चालू आहेत, यातलं काहीही कोणी विचारलं नाही.

तो 'नॉर्मल' शेरा घरी कसा पोचतो याची कल्पना तुम्हाला असेल असं मला वाटत नाही. फाइल घरी येते, सासू विचारते, नणंद विचारते, आणि उत्तर असतं की त्याचं सगळं चांगलं आहे. मग उरतं कोण? तुमच्या दोन सेकंदांच्या शेऱ्याने एका बाईवर निकाल लागतो, आणि तो निकाल ती हळदीकुंकवात, बारशात, शेजारच्या ओट्यावर भोगत राहते. माझ्या पत्नीने तो भोगला आहे.

आता त्या शेऱ्यात किती तथ्य असतं ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्यतपासणी पुस्तिकेची सहावी आवृत्ती २०२१ मध्ये आली. तिच्यात मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू, ४२ टक्के हालचाल आणि ४ टक्के योग्य आकार अशा खालच्या मर्यादा आहेत. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांचे नमुने तपासून, त्यांतल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांजवळ ही रेघ ओढलेली आहे. ती वंध्य आणि जननक्षम यांच्यामधली भिंत नव्हे, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. शिवाय या तपासणीत शुक्राणू मोजले जातात, त्यांची हालचाल आणि आकार पाहिला जातो. त्यांच्या डोक्यात जो वारसा भरलेला आहे तो शाबूत आहे की तुटलेला, याचं उत्तर त्या रिपोर्टात नसतं.

शुक्राणू तयार होताना त्याच्या डीएनएभोवतीची बहुतेक हिस्टोन प्रथिनं निघून जातात आणि त्यांच्या जागी प्रोटामाइन येतात. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाने वळकटी करकचून बांधावी तसा तो डीएनए आवळला जातो. ही बांधणी सैल राहिली किंवा वाटेत ऑक्सिडेशनचा मारा बसला, की धागे तुटतात. शुक्राणूकडे पेशीद्रव जवळजवळ नसतं, त्यामुळे अँटिऑक्सिडंट विकरंही थोडीच असतात, आणि तयार झालेला शुक्राणू स्वतःचा डीएनए दुरुस्त करू शकत नाही. ते काम फलनानंतर स्त्रीबीजाने करायचं. बीज तरुण असेल तर बरंचसं निभावतं. वय वाढलं की ही ताकद कमी होते. गर्भाची स्वतःची जनुकं साधारण तिसऱ्या दिवशी, चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर कामाला लागतात. तोवर तुटलेल्या डीएनएचा परिणाम दिसत नाही, म्हणून प्रयोगशाळेत तिसऱ्या दिवशी गर्भ देखणा दिसतो, सगळे आनंदतात, आणि पुढे तो थांबतो. शुक्राणूंच्या डीएनएमध्ये मोडतोड जास्त असलेल्या जोडप्यांत गर्भपाताचं प्रमाण साधारण दुप्पट आढळतं, हे अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ मध्येच मांडलं गेलं. मग गर्भ राहून पुन्हा पुन्हा जातो तेव्हा फक्त पिशवीकडे आणि रक्ताकडे का पाहायचं?

हे काल-परवाचं ज्ञान नाही. डोनाल्ड इव्हनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुक्राणूंच्या क्रोमॅटिनचा आणि जननक्षमतेचा संबंध 'सायन्स' या नियतकालिकात १९८० साली मांडला. आज ही मोडतोड मोजणाऱ्या एससीएसए, टनेल, कॉमेट, एससीडी अशा चाचण्या आहेत. अमेरिकेतल्या युरोलॉजी आणि प्रजननवैद्यक संघटनांनी २०२० साली मिळून मार्गदर्शन दिलं, ते दोन्ही बाजूंनी वाचायला हवं. पहिल्याच भेटीत प्रत्येक पुरुषाची ही चाचणी करू नका, असं त्यात आहे. आणि वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यात नवऱ्याची गुणसूत्रं आणि शुक्राणूंच्या डीएनएची मोडतोड तपासा, असंही आहे. युरोपीय युरोलॉजी संघटनाही वारंवार गर्भपात आणि कारण न सापडलेलं वंध्यत्व यांत ही चाचणी करायला सांगते. आपल्याकडे मला नेमकं उलटं दिसतं. जिथे गरज आहे तिथे कोणाला आठवत नाही, आणि काही ठिकाणी लग्नाला वर्ष न झालेल्या पोरांनाही ती पॅकेजात घालून विकली जाते. दोन्हींबद्दल माझी तक्रार आहे.

सगळ्यात मोठी तक्रार मात्र इक्सीबद्दल आहे. १९९२ मध्ये ब्रुसेल्समधल्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू सुईने बीजात सोडून गर्भधारणा साधली, आणि ज्यांना कधीच मूल झालं नसतं असे हजारो पुरुष बाप झाले. त्या शोधाला माझा नमस्कार. पण एक शुक्राणू पुरतो असं ठरल्यावर, बाकीचे का बिघडले हे विचारायची निकडच संपली. पुरुषाचा दोष त्याच्यात शोधायचा नाही, बरा करायचा नाही; तो बायकोच्या शरीरातून वळसा घालून ओलांडायचा. इंजेक्शनं तिने घ्यायची, बीजकोश तिचे सुजायचे, भूल तिला, सुई तिला. नवरा बाहेर बाकड्यावर. स्वतःच्या दोषासाठी बायकोला टेबलावर जाताना पाहणाऱ्या पुरुषाला काय वाटतं, हे तुम्ही कधी विचारलं आहे का? आम्हाला लाज वाटते म्हणून आम्ही तपासून घेत नाही, असं तुम्ही म्हणता. काही जण असतील तसे. पण तपासा म्हणणाऱ्यालाही तुमच्याकडे कोणी तपासत नाही.

शेवटी एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मी युरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी पडदा ओढला, उभं राहायला सांगितलं, श्वास रोखून पोटावर जोर द्यायला लावला आणि हाताने तपासलं. डाव्या बाजूला व्हेरिकोसील होतं, म्हणजे वृषणाजवळच्या शिरा फुगलेल्या. पाच मिनिटंही लागली नसतील. एकूण पुरुषांपैकी साधारण १५ टक्क्यांना व्हेरिकोसील असतं, आणि मूल होत नाही म्हणून येणाऱ्यांत ते ३५ ते ४० टक्क्यांच्या घरात जातं. इतकी सर्रास आढळणारी, बोटांना लागणारी आणि दुरुस्त होऊ शकणारी गोष्ट तुमच्या एवढ्या सुसज्ज केंद्रात कोणाच्या हाताला लागली नाही, कारण कोणी हातच लावला नाही. नंतर केलेल्या चाचणीत डीएनएची मोडतोड, जास्त मानल्या जाणाऱ्या ३० टक्क्यांच्या रेषेच्या वर आली. माझा जुना रिपोर्ट तेव्हाही 'नॉर्मल'च होता.

पुढे आम्हाला मूल झालं की नाही, हे मी या पत्रात लिहिणार नाही. एका जोडप्याच्या हकिकतीवरून शास्त्र ठरत नाही आणि माझ्या मागण्यांचं खरेखोटेपणही त्यावर ठरू नये.

आता उपचारांविषयी. इथे माझी मागणी प्रामाणिकपणाची आहे.

डीएफआय, म्हणजे डीएनएच्या मोडतोडीचं प्रमाण, जास्त आला की बहुतेक ठिकाणी पहिली चिठ्ठी पडते ती अँटिऑक्सिडंट गोळ्यांची आणि पुड्यांची. महिन्याला काही हजारांची औषधं, आणि ती पुष्कळदा केंद्रातल्याच मेडिकलमध्ये मिळणारी. पुरावा काय सांगतो? अमेरिकेत २३७० पुरुषांवर झालेला झिंक आणि फॉलिक ॲसिडचा मोठा प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. गोळ्या घेणाऱ्यांत मुलं जास्त जन्मली नाहीत. उलट डीएनएच्या मोडतोडीची सरासरी त्यांच्यात थोडी जास्त निघाली: २९.७ टक्के, आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत २७.२ टक्के. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका प्रयोगात क, ई जीवनसत्त्वं, सेलेनियम, कार्निटिन, लायकोपिन असं सगळं मिश्रण दिलं होतं. त्यातही मोडतोड कमी झाली नाही. छोट्या अभ्यासांतून काहींना फायदा दिसतो, हे मला माहीत आहे. मग तसं स्पष्ट सांगा, आणि किती महिन्यांनी पुन्हा तपासून बंद करायचं तेही सांगा. नवरा वर्षानुवर्षं पुडी फोडून पाण्यात घालतो आणि उपचार चालू आहेत या समाधानात राहतो. तोवर बायकोचं वय सरतं.

तीच गोष्ट शुक्राणू निवडण्याच्या तंत्रांची. हायलुरोननला चिकटणारे शुक्राणू निवडायचे ते पिक्सी, चुंबकाने वेगळे करायचे ते मॅक्स, मायक्रोफ्लुइडिक चिप. प्रत्येकाचं दरपत्रक वेगळं. पिक्सीवर ब्रिटनमध्ये २७७२ जोडप्यांचा प्रयोग झाला आणि २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. जिवंत बाळ जन्मण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही; गर्भपात मात्र काहीसे कमी झाले. हे दोन्ही भाग रुग्णाला सांगता येतात. सांगायला दोन मिनिटं लागतात. त्याऐवजी आम्हाला सांगितलं गेलं की याने चान्सेस वाढतात, ॲडव्हान्स टेक्निक आहे. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्याने जोडप्याला उपचाराचे फायदे, तोटे, खर्च, धोके आणि यशाची शक्यता समजावून सांगणं केंद्रांवर बंधनकारक केलं आहे. सह्यांचा गठ्ठा पुढे सरकवणं म्हणजे समजावणं होत नाही.

मग करायचं काय, असं तुम्ही विचाराल. जे करायला हवं त्यातलं बरंचसं स्वस्त आहे, आणि कदाचित म्हणूनच मागे पडतं. आधी कारण शोधा. आमच्या कोल्हापूर भागात माणूस काय काम करतो हे विचारल्याशिवाय त्याची तपासणी पुरी होऊच शकत नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीपुढे उभा राहणारा, गुऱ्हाळात चुलवाणाला जाळ घालणारा, दिवसभर ट्रकच्या तापलेल्या केबिनमध्ये बसणारा. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं आणि या माणसांना ते मिळत नाही. तंबाखू, गुटखा, सिगारेट विचारा, पण नवऱ्याला एकट्याला बसवून विचारा. बायको-आईसमोर तो खरं सांगणार नाही. अंग भरावं म्हणून जिममध्ये घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं विचारा. त्यांनी शुक्राणू तयार होणंच बंद पडू शकतं, आणि पोरांना वाटत असतं की आपलं पुरुषत्व वाढतंय. डेंगीसारखा मोठा ताप येऊन गेला असेल तर त्यानंतरच्या महिन्याचा रिपोर्ट धरून निष्कर्ष काढू नका. मधुमेह, वजन, वीर्यातला जंतुसंसर्ग पाहा. नैराश्यावरची काही औषधंही मोडतोड वाढवतात. पॅरोक्सेटिनबाबत तसा अभ्यास झालेला आहे. औषध परस्पर थांबवायला सांगू नका, मानसोपचारतज्ज्ञाशी बोला.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस आणि बाहेरच्या वाटेला लागायला आणखी दहा-बारा दिवस लागतात. म्हणजे आज तंबाखू सोडली तर फळ तीन महिन्यांनी दिसेल. हे गणित नवऱ्याला सांगितलं तर तो सोडतो, कारण तेव्हा त्याच्यापुढे तारीख असते. आणखी एक साधी बाब: शुक्राणू आत साठून राहिले की त्यांची मोडतोड वाढते. नमुन्यासाठी दोन ते सात दिवसांचा संयम हा तपासणीचा नियम आहे. ज्याची मोडतोड जास्त आहे त्याला उपचाराच्या वेळी एक-दोन दिवसांचंच अंतर ठेवायला सांगता येतं. यात पैसा लागत नाही. पण 'ताकद साठवून ठेवा' असं घरचे सांगतात आणि दवाखान्यात कोणी खोडून काढत नाही.

हाताला लागणारं व्हेरिकोसील असेल तर युरोलॉजिस्टशी बोला. सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या शस्त्रक्रियेनंतर मोडतोड कमी होते असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. सगळ्यांनाच कापा असं मी म्हणत नाही. केवळ सोनोग्राफीत दिसणारं, हाताला न लागणारं व्हेरिकोसील कापू नये, असंच मार्गदर्शन आहे. आणि हे सगळं करूनही मोडतोड राहिली, इक्सी पुन्हा फसली, तर वृषणातून थेट शुक्राणू काढून वापरण्याचा पर्याय आहे. वृषणातल्या शुक्राणूंत मोडतोड कितीतरी कमी असते, कारण पुढच्या मार्गातला ऑक्सिडेशनचा मारा त्यांना बसलेला नसतो. पण ही सुई आहे, शस्त्रक्रिया आहे, आणि तिच्या बाजूचा मोठ्या प्रयोगांचा पुरावा अजून तोकडा आहे. ती शेवटची पायरी राहू द्या. पहिल्या दिवशी पॅकेजात नको.

तुमची बाजूही मला दिसते. बायको अडतीस वर्षांची असेल, एएमएच उतरलेलं असेल, तर नवऱ्यासाठी सहा महिने थांबा असं सांगणं तिच्यावर अन्याय करणारं ठरेल. अशा वेळी बीजं किंवा गर्भ आधी गोठवून ठेवावेत, सरळ इक्सीकडे जावं, की थांबावं, हा निर्णय अवघड आहे आणि तो तुमच्या ज्ञानाशिवाय होणार नाही. पण तो निर्णय जोडप्यापुढे मांडा. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीलाही अडतीशीची घाई लावली जाते, एकामागून एक आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याचे उपचार) केली जातात, आणि तेही मोडतोड जास्त असताना आययूआयचं यश कमी असतं हे ठाऊक असून. प्रत्येक फसलेल्या महिन्याचं ओझं त्या मुलीच्या डोक्यावर.

माझं मागणं थोडं आहे. केंद्रात स्त्रीरोगतज्ज्ञाप्रमाणेच पुरुषांचाही डॉक्टर असावा; रोज नसला तर आठवड्यातून एकदा यावा, तेही जमत नसेल तर नवऱ्याला चिठ्ठी देऊन त्याच्याकडे पाठवा. बायकोची दुर्बिणीची तपासणी किंवा पहिलं इंजेक्शन होण्याआधी नवऱ्याची अंगतपासणी झालेली असावी, आणि तिची नोंद फाइलमध्ये, स्वतंत्र पानावर, त्याच्या नावाने असावी. दोनदा गर्भ गेला असेल तर डीएनएची चाचणी सुचवा. जी ॲड-ऑन तंत्रं आणि औषधं देता, त्यांच्याबद्दल पुरावा काय आहे ते मराठीत, एका कागदावर लिहून द्या. आणि वीर्याचा रिपोर्ट मर्यादेच्या वर असला तरी 'यांच्यात दोष नाही' असं त्या बाईसमोर म्हणू नका. तेवढं तुम्हाला त्या रिपोर्टावरून माहीत नसतं.

उद्या सकाळी ओपीडीत जे पहिलं जोडपं समोर बसेल, त्यातल्या नवऱ्याला पडद्याआड बोलवा आणि तपासा. तो नाही म्हणणार नाही.

आपला नम्र,
जीवशास्त्राचा एक शिक्षक
कोल्हापूर